न्याहारी कोणाची?

गेल्या महिन्यांतील एका रविवारीं आमच्या दृष्टीस दोन चित्रें पडलीं. दोन्ही चित्रें सकाळच्या खाण्याचीं होतीं. एक विलायतेहून आलें होतें, व दुसरें आमच्या नातवानें शाळेच्या वहींत काढलें होतें. पहिल्यानें आमची करमणूक झाली. दुसऱ्यानें आमची मान खालीं गेली. वाचकांच्या परवानगीनें दोहोंची हकीगत क्रमानें सांगतों.

आमची एक पुतणी सध्यां इंग्लंडच्या उत्तर भागांत लीड्स शहरीं शिक्षणासाठीं राहत आहे. सुटीच्या दिवसांत ती मैत्रिणीबरोबर समुद्रकांठच्या एका गांवीं गेली असतां तेथें एका बाईंच्या घरीं उतरली. रात्रीं निजावयास खोली व सकाळीं न्याहारी, एवढाच काय तो करार. अशा घरांना तिकडे ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणतात. त्या न्याहारीचें छायाचित्र तिनें भ्रमणध्वनीवरून आम्हांस धाडलें. बशी म्हणावी तर परातीएवढी! तिच्यांत तळलेलीं दोन अंडीं, डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या परतलेल्या चकत्या, त्यांच्या शेजारीं मांस भरलेल्या दोन वळकट्या, अर्धें चिरून भाजलेलें टोमॅटो, अळंबीं, गोडसर टोमॅटोच्या रसांत शिजविलेले पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि तुपकट तळलेला पाव. एका कडेला एक काळी चकती होती; ती डुकराच्या रक्ताची व पिठाची असते असें कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं भ्रमणध्वनी पालथा ठेवला! ही बशी अर्थात् मैत्रिणीची. पुतणी शाकाहारी असल्यामुळें तिच्या बशींत अळंबीं, टोमॅटो, दाणे, बटाट्याची तळलेली वडी व पाव एवढींच होतीं. परंतु तेवढ्यावरहि आमच्या घरचीं दोन माणसें सहज उठलीं असतीं. शिवाय किटलीभर चहा, लोणी व संत्र्याच्या सालीचा मुरांबा होताच. “एवढें सकाळीं खाऊन हे लोक कामाला जातात कीं निजायला?” असा प्रश्न सौभाग्यवतींनीं केला, व तो आम्हांसहि पडला होता.

पुतणीनें सांगितलें कीं, तिकडचे लोकहि हें ताट रोज खात नाहींत. एरवीं दुधांत भिजविलेले धान्याचे पोहे किंवा भाजलेला पाव एवढ्यावरच त्यांची सकाळ भागते. हें ताट सुटीचें, प्रवासाचें किंवा रविवारचें. परंतु ‘इंग्रजी न्याहारी’ म्हटली म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें हेंच. सकाळीं अशी बशी भरण्याची चाल फार पुरातनहि नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या काळीं सुखवस्तु घरांतून ती स्थिरावली. मिसेस बीटन बाईंचें गृहव्यवस्थेवरील गाजलेलें पुस्तक १८६१ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत न्याहारीच्या पदार्थांचाहि परामर्श घेतलेला आहे. पुढें ती चाल कष्टकऱ्यांच्या खाणावळींत उतरली. मग दुसरें महायुद्ध आलें. १९४० च्या जानेवारींत तें खारवलेलें मांस, लोणी व साखर ह्या जिनसा शिधापत्रिकेवर गेल्या. ताजें अंडें माणशीं आठवड्यास एक, तेंहि मिळेल तर. आणि मांसावरील बंधन पुरतें उठावयास १९५४ चा जुलै उजाडावा लागला. म्हणजे ज्या ताटास तेथील लोक आज वाडवडिलांची ठेव म्हणून मिरवितात, तें ताट त्यांच्या वाडवडिलांस चवदा वर्षें मनासारखें दिसलें नव्हतें. दिसेनासें झालेलें ताटच मनुष्यास फार प्रिय होतें, हें आमच्याकडील रेशनचे दिवस पाहिलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

ताटापेक्षांहि आम्हांस मौज वाटली ती नांवांची. लीड्सला गेल्यानंतर पहिल्याच आठवड्यांत शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं आमच्या पुतणीस सायंकाळीं साडेपांच वाजतां ‘टी’ला बोलाविलें. टी म्हणजे चहा, चहाबरोबर फार तर एखादें बिस्किट, अशा समजुतीनें पोरीनें घरीं वरणभात करून खाल्ला आणि मग ती गेली. पाहते तों टेबलावर बटाट्याचा भाजलेला डोंगर, वाटाणे, पाव आणि शेवटीं गोड म्हणून फळांचा पुडिंग! बाईंनीं तिच्यासाठीं मुद्दाम मांसाविणें रांधलें होतें. तेव्हां नाहीं म्हणण्याची सोय नव्हती. उत्तर इंग्लंडांत पुष्कळ घरीं सायंकाळच्या जेवणासच ‘टी’ म्हणतात व दुपारच्या जेवणास ‘डिनर’ म्हणतात, ही गोष्ट आम्हीं चाळीस वर्षें इंग्रजी शाळेंत काढूनहि आम्हांस ठाऊक नव्हती. डिनर म्हणजे रात्रीचें जेवण, असेंच आम्हीं मुलांकडून घोकून घेतलें आहे. त्या सर्व मुलांची आम्ही येथें क्षमा मागतों.

वस्तुस्थिति अशी कीं, पूर्वीं इंग्लंडांतील धनिकहि डिनर भर दुपारींच घेत. पुढें कचेऱ्यांच्या वेळा लांबल्या, रात्रीची दिवाबत्ती सुधारली, आणि वरच्या वर्गांचें डिनर सरकत सरकत एकोणिसाव्या शतकांत रात्रीं सात-आठ वाजण्यावर जाऊन पोंचलें. मध्यें जें मोठें खिंडार पडलें तें ‘लंच’ आणि दुपारचा चहा ह्या दोघांनीं बुजविलें. ज्याला पहांटे उठून अंगमेहनत करावी लागे, त्याचें डिनर मात्र दुपारींच राहिलें. म्हणून शाळेंतील मुलांच्या दुपारच्या जेवणास तिकडे अजूनहि ‘स्कूल डिनर’ म्हणतात. रविवारीं उशीरा उठणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून १८९५ सालीं गाय बेरिंजर नांवाच्या एका लेखकानें न्याहारी व दुपारचें जेवण ह्यांची मोट बांधून ‘ब्रंच’ असा शब्द पुढें मांडला. तोहि आतां आमच्या पुण्याच्या पाट्यांवर दिसतो. सारांश, कोणत्या वेळीं काय खातों हें शब्द सांगत नाहींत. कोण केव्हां कामाला जातो हें ते सांगतात.

हें केवळ इंग्रजांचेंच आहे असें नाहीं. आमचें बालपण कसबा पेठेंत तांबट आळीपासून हांकेच्या अंतरावर गेलें. सकाळीं सहा-सातपासून हातोड्यांचा जो ठणठणाट सुरू होई तो नऊच्या सुमारास एकाएकीं थांबे. त्या शांततेस आमच्या आजी ‘तांबटांची न्याहारी’ म्हणत, आणि तेवढ्यावरून आमच्या वडिलांच्या जेवणाचीं पानें मांडीत! घड्याळ पाहण्याची त्यांस गरज पडत नसे. परंतु न्याहारी हा शब्द आमच्या घरीं आमच्यासाठीं कोणी कधीं वापरला नाहीं. न्याहारी शेतकऱ्याची, गड्याची, कारागिराची. ज्याचें अंग शिणतें त्याची. आमच्या घरीं देवाची पूजा व नैवेद्य झाल्यावांचून मोठ्या माणसांनीं खाण्याची चाल नव्हती. वडील साडेनऊला जेवून सायकलीवरून कचेरीस जात. आम्हां मुलांस तेवढा सकाळीं मऊ भात, त्यावर तूप-मेतकूट, नाहींतर रात्रीच्या पोळीचा फोडणी दिलेला कुस्करा मिळे. त्याला नांव नव्हतें. ‘पोटाला आधार’ एवढेंच म्हणत.

पुढें शाळा सकाळच्या झाल्या, कारखाने हडपसर-चिंचवडास गेले, कोणाची बस सातला तर कोणाची आठला, आणि आमच्या घरांत ‘नाश्ता’ शिरला. पोहे, सांजा, उप्पीट हे पदार्थ पूर्वीं मधल्या वेळचे किंवा पाहुण्यांचे. ते सकाळचे झाले. ज्यांस ‘नाश्ता’ हा शब्द परका वाटे त्यांनीं ‘अल्पोपाहार’ हा संस्कृत शब्द पुढें केला. येथें एका जुन्या मास्तराला राहवत नाहीं म्हणून सांगतों कीं, तो शब्द ‘उपाहार’ असा आहे. ‘उपहार’ म्हणजे भेट किंवा नजराणा. आमच्या शहरांतील निम्म्या पाट्यांवर ‘उपहारगृह’ असें लिहिलेलें असतें. त्या पाटीवर भरंवसा ठेवून कोणी आंत जाऊन फुकट खाऊं लागला, तर व्याकरणदृष्ट्या त्याचें कांहीं चुकलें असें आम्हांस म्हणतां येणार नाहीं!

परंतु ‘नाश्ता’ टाकून ‘न्याहारी’ घेतली म्हणजे आपण आपल्या भाषेंत परतलों असें ज्यांस वाटतें त्यांचीहि फसगतच आहे. दोन्ही शब्द फारसींतून आलेले. फारसींत ‘नाश्ता’ म्हणजे ज्यानें सकाळपासून कांहीं खाल्लें नाहीं तो. ‘नाहार’ म्हणजेहि तोच, उपाशी. हिंदींत रिकाम्या पोटास ‘निहार मुंह’ म्हणतात तो हाच शब्द, आणि न्याहारी त्याच्याशीं जोडली जाते. इंग्रजींत ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे उपवास सोडणें. आपण ज्याला एकादशीचें पारणें म्हणतों तें त्यांचें रोजचें! फ्रेंच लोकांचा ‘देझ्यूने’ म्हणजेहि उपवास मोडणें. आणि गंमत अशी कीं, ‘डिनर’ हा शब्दहि त्याच लॅटिन मुळापासून निघालेला आहे. म्हणजे टीला जाऊन फसलेल्या आमच्या पुतणीस दुपारीं काय नि रात्रीं काय, प्रत्येक डिनर हें मुळांत पारणेंच आहे. आपला ‘फराळ’ पाहा. तो फलाहार, उपवासाच्या दिवशींचा. आतां तोच शब्द दिवाळींत चकलीच्या डब्यावर विराजमान झाला आहे.

इतक्या भाषांनीं सकाळच्या पहिल्या खाण्यास नांव देतांना अन्नाकडे पाहिलें नाहीं, पदार्थाकडे पाहिलें नाहीं, पाहिलें तें उपाशी पोटाकडे. अन्न कोणतें हा प्रश्न दुय्यम. उपाशी कोण आहे हा पहिला. हें जेव्हां आमच्या ध्यानांत आलें तेव्हां त्या समुद्रकांठच्या घराविषयींची पुतणीची आणखी एक गोष्ट आम्हांस आठवली. सर्व पाहुणे खाऊन उठल्यावर तिनें त्या घरवाल्या बाईंस सहज विचारलें, “तुम्ही केव्हां न्याहारी करतां?” बाई हंसल्या व म्हणाल्या, “बश्या धुऊन झाल्यावर, उभ्याउभ्या, एक पावाचा तुकडा.” सात माणसांचें तें भरगच्च ताट रोज वाढणाऱ्या बाईच्या वांट्यास स्वतः तें ताट येत नाहीं, ही गोष्ट ऐकतांना आम्हांस नवलाची वाटली. ती आम्हांस नवलाची कां वाटावी, हेंच खरें नवल होय.

इंग्रजांचें हें ताट आमच्या शहरास कांहीं नवें नव्हतें. १८१७ सालच्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यास लष्कर वसलें, आणि तेथील गोऱ्या अंमलदारांच्या बंगल्यांतून तें ताट सव्वाशें वर्षें मांडलें जात होतें. तत्पूर्वीं अंथरुणांतच चहा व पावाचा तुकडा घेण्याची त्यांची चाल असे. तिला ह्या देशांतील गोऱ्यांच्या बोलींत ‘छोटी हाजरी’ असें गमतीदार नांव पडलें होतें. ह्या सर्व थाटापैकीं आमच्या पेठांत प्रथम आला तो एकटा चहा, आणि तोहि भांडण बरोबर घेऊनच आला. १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनांत शहरांतील प्रतिष्ठित मंडळींस व्याख्यानासाठीं बोलावून पाद्री लोकांनीं चहा-बिस्किटें पुढें केलीं. कोणीं तो प्याला, कोणीं नुसता हात लाविला. न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले अशीं माणसें त्या मंडळींत होतीं. गोपाळराव जोशी ह्यांनीं ‘पुणें वैभव’ पत्रांत नांवें छापविलीं, आणि पुण्यांत ग्रामण्य माजलें. शंकराचार्यांच्या वतीनें चौकशी झाली, प्रायश्चित्तें सांगितलीं गेलीं. रानड्यांनीं १८९२ सालीं तें घेतलें. रमाबाई रानडे ह्यांनीं आपल्या आठवणींत ह्या प्रकरणाची हकीगत लिहिली आहे, ती आमच्या वाचक भगिनींपैकीं पुष्कळांनीं वाचली असेल. चहाच्या एका पेल्यानें घराघरांतून केवढा मनस्ताप झाला, हें आज खरें वाटत नाहीं; कारण ज्याच्यासाठीं त्या काळीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें, तो घेतल्याशिवाय आज ह्या शहरांतील देवाचा भटजीहि घराबाहेर पडत नाहीं.

पुरुषांनीं चहासाठीं प्रायश्चित्त घेतलें, आणि चहा घरांत आला. परंतु त्यानें घरांतील बायकांचें काय केलें ह्याचा विचार कोणी केला नाहीं. आमच्या आईचा दिवस आम्हांस स्पष्ट आठवतो. पहांटे पांचाला उठणें, पाणी, पूजेची तयारी, स्वयंपाक. वडील साडेनऊला, मुलें साडेदहाला, आजोबा व पाहुणा बाराला. मग जावा-जावांचीं पानें साडेबारा-एकला. तोंपर्यंत तिच्या पोटांत काय जाई? चहा. एकदां सकाळीं, एकदां नऊला, एकदां अकराला. चहानें भूक मरते, आणि मेलेली भूक कोणाला दिसत नाहीं. “चहा झाला का?” हा प्रश्न आमच्या घरीं दहा वेळां विचारला जाई, “खाल्लें का?” हा विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. विचारलें असतें तर उत्तर द्यावयास शब्दहि नव्हता. गड्याची न्याहारी होती, मुलांचा आधार होता, पुरुषांचें जेवण होतें. सकाळच्या प्रहरीं गृहिणीच्या खाण्याला आमच्या घरच्या बोलींत नांवच नव्हतें.

आजहि पाहा. ‘कांदेपोहे’ ही वास्तविक एक साधी न्याहारी. परंतु तिचें नांव घेतांच आपल्या डोळ्यांपुढें मुलगी दाखविण्याचा समारंभ उभा राहतो. त्या समारंभांत पोहे सर्वजण खातात. जी तबक घेऊन येते तिच्यापुढें बशी ठेवल्याचें आम्हीं आमच्या साठ-पासष्ट वर्षांत एकदांहि पाहिलें नाहीं.

आमच्यासारख्या संस्कृतावर पोसलेल्या मनुष्यास अशा वेळीं जुनीं पुस्तकें आठवतात. संस्कृतांत न्याहारीस ‘प्रातराश’ असा स्वच्छ शब्द आहे. ‘कल्यवर्त’ असा दुसराहि आहे, आणि हिंदींतील ‘कलेवा’ त्यापासूनच आला. शूद्रकाच्या मृच्छकटिकाचा प्रारंभ आठवावा. सूत्रधार पुष्कळ वेळ गाण्याची तालीम करून भुकेनें व्याकुळ होऊन घरीं येतो, आणि घरांत प्रातराश नाहीं म्हणून कासावीस होतो. नटी त्याची थट्टा करते. तूप, दहीं, भात, सर्व कांहीं आहे म्हणते, आणि विचारल्यावर कळतें कीं तें सर्व बाजारांत आहे! सूत्रधाराच्या भुकेवर आम्ही विद्यार्थ्यांबरोबर अनेक वर्षें हंसलों. परंतु त्या प्रवेशांत उपाशी माणसें दोन आहेत. नटीचा त्या दिवशीं उपवास असतो. तो तिनें पुढच्या जन्मीं चांगला पति मिळावा म्हणून धरलेला असतो. नवऱ्याच्या भुकेचें नाटक झालें, बायकोच्या भुकेचें व्रत झालें. वर्गांत शिकवितांना आम्हीं ‘प्रातराश’ शब्दाचा समास सोडवून दाखविला. दुसऱ्या उपाशी माणसाकडे मुलांचें लक्ष वेधलें नाहीं, कारण आमचेंच तिकडे गेलें नव्हतें.

“बायकांनीं मागाहून जेवावें हा शास्त्राचाच नियम आहे,” असें जे म्हणतात त्यांनीं मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढून पाहावा. गृहस्थानें अतिथींस जेवूं घालावें हें तेथें आहेच. परंतु नव्यानें लग्न झालेल्या लेकीसुना, कुमारिका, आजारी माणसें व गर्भिणी ह्यांस अतिथींच्याहि आधीं, मनांत कसलाहि विकल्प न आणतां, जेवूं घालावें असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. आणि शेवटीं कोणीं जेवावें? पाहुणे व नोकरचाकर तृप्त झाल्यावर उरलेलें अन्न नवराबायकोनें, म्हणजे घरच्या धन्यानें व धनिणीनें, खावें. त्याच ग्रंथांत अन्यत्र पतीनें पत्नीसह एकत्र भोजन करूं नये असेंहि वचन आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. आणि त्या ग्रंथांतील प्रत्येक वचन आज मानावें असें आमचें म्हणणेंहि नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, शास्त्राची साक्ष काढावयाची तर पुरती काढावी. शेवटीं बसावयाच्या त्या दोघांपैकीं एक उठून पहिल्या पंगतीस कधीं जाऊन बसला, आणि त्याला शास्त्र हें नांव कोणीं दिलें, हें आम्हांस त्या अध्यायांत सांपडलें नाहीं.

आतां दुसऱ्या चित्राकडे येतों. आमचा नातू चौथींत आहे. ‘आमच्या घरचा आहार’ असा पाठ त्यास नेमला होता, आणि घरांतील प्रत्येक माणूस सकाळीं काय खातो तें चित्र काढून दाखवावयाचें होतें. आमच्या घरीं आम्ही दोघें, दोघे चिरंजीव, त्यांतील थोरल्याची बायको, ह्या दोघांचीं दोन मुलें, आणि आमच्या विधवा भगिनी, अशीं आठ माणसें. त्यानें मोठ्या काळजीनें सात बश्या काढल्या, त्यांत पिवळे पोहे रंगविले, वर हिरवी कोथिंबीरहि घातली. आठव्या जागीं नुसता एक पेला काढला होता. खालीं लिहिलें होतें, ‘आई’.

आम्हीं मास्तरी सुरांत विचारलें, “हिची बशी विसरलास काय?” तो म्हणाला, “आजोबा, आई नाश्ता कुठें करते? ती चहा पिते आणि पळते.”

सूनबाई हडपसरच्या बाजूस एका पेढींत कामाला जातात. साडेपांचाला उठून आठ माणसांचे पोहे, चार डबे, हें सर्व उरकून पावणेआठला त्यांस घर सोडावें लागतें. पोहे आम्ही सर्वजण साडेआठला, वर्तमानपत्र पाहत, गरम करून घेऊन खातों. त्या रोज आठ माणसांचे पोहे करतात हें आम्हांस ठाऊक होतें. त्यांतील आठवें माणूस घराबाहेर पडलेलें असतें हें आम्हीं सहा वर्षांत मोजलें नव्हतें. शब्दांचे धातु शोधणाऱ्या मनुष्यास घरांतील बश्या मोजतां येऊं नयेत!

आम्हीं सूनबाईंस हांक मारून विचारलें. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “नाहीं हो बाबा, मला सकाळीं भूकच लागत नाहीं. सवय झाली आहे.”

सौभाग्यवती तेथेंच शेंगा सोलीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं. त्या म्हणाल्या, “मलाहि सवयच होती. ती लागायला चार वर्षें गेलीं. सुरुवातीला रडूं यायचें.”

आमच्या विवाहास त्रेचाळीस वर्षें झालीं. हें वाक्य आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें.

त्या दिवसापासून आमच्या घरीं एक व्यवस्था सुरू झाली आहे. ती मोठी नाहीं. देवाची पूजा आम्ही सातच्या आंत आटोपतों व दूधसाखरेचा नैवेद्य दाखवितों. देवाची कांहीं तक्रार दिसत नाहीं. सव्वासातला सर्वांनीं एकत्र बसावयाचें. सूनबाईंच्या पुढें बशी आल्याशिवाय कोणीं घास उचलावयाचा नाहीं. डबे भरण्याचें काम थोरल्या चिरंजीवांकडे आहे, आणि कांदा चिरण्याचें धाकट्याकडे. चहा आम्ही करतों. पहिल्या दिवशीं तो सांडला, दुसऱ्या दिवशीं साखर राहिली. आतां पिण्याजोगा होतो असें भगिनी म्हणतात. चिरंजीवांनीं प्रारंभीं कुरकुर केली. सव्वासातला उठणें म्हणजे त्यांच्या मतें अत्याचार होता. महिनाभरांत हा नियम पांच वेळां मोडला, हेंहि सांगितलें पाहिजे. एक दिवस तर सूनबाईच बशी तशीच ठेवून धांवत निघाल्या. नातवानें जिन्यापर्यंत जाऊन एका कागदांत बांधलेली पोळी त्यांच्या पिशवींत घातली. तिला संस्कृतांत काय म्हणावें हें आम्हीं अजून ठरविलें नाहीं. मराठींत शिदोरी हा शब्द पुरेसा आहे.

आमचे वाचक निरनिराळ्या गांवचे आहेत. कोंकणांत सकाळीं पेज पितात, देशावर भाकरी खातात, कोठें नाश्ता, कोठें न्याहारी, कोठें नुसतेंच ‘कांहींतरी तोंडांत टाकणें’ असेल. आपल्या घरीं सकाळच्या खाण्यास काय म्हणतात तें आम्हांस अवश्य लिहून कळवावें. शब्दांचा संग्रह करण्याचें आमचें व्यसन कांहीं सुटलेलें नाहीं. मात्र पत्र लिहिण्यापूर्वीं एक दिवस सकाळीं आपल्या स्वयंपाकघरांत उभें राहून बश्या मोजाव्या, आणि शेवटची बशी कोणाची व किती वाजतां, तें पाहावें. मोजणी बरोबर आली तर पत्रांत शब्द लिहावा. न आली तर पत्राची घाई नाहीं.